आप्पाची एक्याऐंशी

प्रिय पोरा,

आप्पाचा एक्याऐंशीवा वाढदिवस करायचा ठरला आणि चाळीने तुलाच पुढे केलं, हे वाचून फार बरं वाटलं. तुमची दोस्ती अख्ख्या मजल्याने पाहिली आहे.

तारखेवरून घरात वाद चाललाय म्हणतोस. हिशेब सोपा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. वाढदिवसाला सहस्रचंद्रदर्शन झालेलंच असेल. तेव्हा माणसांची सोय बघा. रविवारी मेगाब्लॉकमध्ये म्हातारी माणसं अडकतात, म्हणून शनिवारची संध्याकाळ धरा. शांती करायचीच असेल तर सकाळी, घरच्यापुरती, आणि गुरुजींना आधीच सांगा की आप्पाला पाटावर फार वेळ बसवायचं नाही.

खरं काम आहे ते माणसं गोळा करण्याचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते, आणि लालबाग-परळची कितीतरी बिऱ्हाडं त्यानंतर पांगली. आप्पाच्या गिरणीतल्या साचेखात्यातले, म्हणजे मागावर विणकाम करणारे, सोबती कोण कोकणात गावी, कोण कल्याण-डोंबिवलीला, कोण विरारला. त्यांचे नंबर आप्पाच्या फोनमध्ये सापडायचे नाहीत. काकूंना विचार, त्यांना कुणाची मुलगी कुठे दिलीय हेसुद्धा पाठ असेल. दोन जण जरी आले तरी आप्पाला तीच सगळ्यात मोठी भेट. त्यांना जिना चढायला लावू नकोस. खाली अंगणात मांडव घाल.

औक्षणाला ८१ दिवे लावायचे तर कणकेचे करा. कणीक घट्ट भिजवा आणि दिवे वाफवून घ्या. कच्चे ठेवले तर संध्याकाळपर्यंत तडकतात आणि तूप परातीत गळतं. दोन पराती लागतील. ओवाळताना पंखा बंद, आणि लाकडी गॅलरीत तर दिवे नकोतच.

आता तुझं भाषण. 'आदरणीय', 'वंदनीय' असलं काही लिहू नकोस. लहानपणापासून तू त्याला अरे-तुरे करतोस, त्या दिवशी अचानक अहो-जाहो केलंस तर त्याला परकं वाटेल. सत्कार करणारे पुष्कळ असतील. मित्र म्हणून बोलणारा तू एकटाच. तुझ्या दहावीच्या निकालाची गोष्ट सांग, जी तू मला सांगितली होतीस. घरात सगळे गप्प, आणि आप्पाने कॅरम बोर्डवर पावडर टाकून तुला समोर बसवलं. रात्री उशिरापर्यंत डाव चालले. मार्कांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, एवढंच म्हणाला, "राणी घेतलीस, आता कव्हर कर." ही एक गोष्ट नीट सांग आणि खाली बस. त्याचे उपकार वगैरे मोजू नकोस, दोस्तीत ते शोभत नाही. आवाज भरून आला तर येऊ दे, थांब, पाणी पी.

शाली-श्रीफळं ढीगभर येतील, तुझ्याकडून ती नकोत. त्याच्या चष्म्याचा नंबर तपासून नवा चष्मा करून दे, त्याला हल्ली सोंगटी नीट दिसत नाही असं तूच लिहिलंस.

बोर्ड आदल्या दिवशी पुसून मांडवात ठेव. जुने सोबती आले की डाव मांडला जाणारच, आणि आप्पा तुलाच समोर बसवणार. मुद्दाम हरू नकोस. त्याला ते लगेच कळेल आणि अजिबात आवडणार नाही.

तुझा,
काका