हाताच्या हालचालीने सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) फिल्टर आणि रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) चालवायचा आहे, कोणता सेन्सर घेऊ?

सेन्सरचा प्रश्न लवकर सुटतो. एमपीयू-६०५० घ्या. स्वस्त आणि मनगटावर सहज बांधता येईल एवढा लहान आहे. सोबत आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या, कारण हे बोर्ड कॉम्प्युटरला थेट यूएसबी मिडी कंट्रोलर म्हणून दिसू शकतात (मिडी म्हणजे वाद्यांना आकड्यांतून सूचना पाठवायची भाषा). आर्डुइनो ऊनो या बोर्डवर तीच गोष्ट करायला बरीच खटपट पडते.

या चिपमध्ये दोन सेन्सर आहेत. अ‍ॅक्सेलेरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे हात किती कललाय ते कळतं, पण हात झटकला की त्याचे आकडे उड्या मारतात. दुसरा सेन्सर जायरो, तो वळण्याचा वेग छान पकडतो. मात्र नुसत्या त्याच्यावरून कोन काढत राहिलात, तर हात टेबलावर शांत ठेवलेला असतानाही कोन हळूहळू सरकत जातो. म्हणून दोघांना मिसळा: जायरोला ९८ टक्के वजन आणि अ‍ॅक्सेलेरोमीटरला २ टक्के, इथून सुरुवात करा. मिळालेला कोन ० ते १२७ मध्ये बसवून कंट्रोल चेंज ७४ या मिडी सूचनेवर पाठवा. बऱ्याच सिंथमध्ये तो फिल्टर कटऑफला, म्हणजे फिल्टर किती उघडायचा त्याला, लागतो.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. हात सतत हलतच असतो. एका छोट्या कार्यक्रमात मी चष्मा सावरायला हात वर नेला आणि शांत आलापासारख्या जागी फिल्टर सताड उघडला. त्या रात्रीच मी अंगठ्याखाली एक बटण बसवलं. ते दाबलेलं असेल तेवढाच वेळ आकडे जातात, सोडलं की शेवटची किंमत तशीच राहते. माझ्या मते हे बटण सेन्सरपेक्षाही महत्त्वाचं आहे.

थेरेमिनवाल्याला ही सोय नव्हती. १९२० च्या सुमारास रशियात लिओन थेरेमिन यांनी बनवलेल्या त्या वाद्यात उभ्या अँटेनाजवळचा हात सूर ठरवतो, आडव्या वळशाजवळचा हात आवाज. स्पर्श कशालाच नाही, त्यामुळे बोटाला पट्टी नाही की पडदा नाही. थेरेमिन वाजवणाऱ्या क्लारा रॉकमोर मुळात व्हायोलिनवादक. त्यांचे व्हिडिओ नक्की बघा. बोटं उघडता-मिटताना किती थोडकी हलतात! मला त्यातून उमगलं की मोठ्या हातवाऱ्यांची गरजच नाही. तळवा खाली असल्यापासून अंगठा वर येईपर्यंतचं ९० अंशांचं वळण फिल्टरला पुरतं.

कोणती हालचाल कशाला जोडायची, यासाठी एखाद्या ख्यालगायकाचा हात बघा. मींड घेताना तो जणू काही ताणून धरतो आणि समेवर येताना सोडून देतो. मी तेच घेतलं: हात वर उचलला की रिव्हर्ब वाढतो, खाली टाकला की कोरडा सूर.

पहिला आठवडा एकच हालचाल आणि एकच फिल्टर ठेवा, रिव्हर्ब नंतर. तुमचा सिंथ कोणता ते कळवा, म्हणजे त्याला कोणते कंट्रोल नंबर लागतील ते बघून सांगतो.