सूज उतरते, दाह शमतो, नस भरून येते

एका ताईंनी प्रश्न विचारलाय, आधी तो थोडक्यात सांगते. त्यांच्या जावेला एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं, लाल रंग फिका वाटायचा. रिपोर्टवर आलं ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचं इन्फ्लमेशन, आणि एमआरआयच्या कागदावर डिमायलिनेशन, म्हणजे नसेवरचं आवरण जाणं. डॉक्टर म्हणाले नसेला सूज आहे. आता घरी सासूबाई रोज सकाळी सुनेचा डोळा निरखतात आणि म्हणतात, "सुजलेला तं दिसत नाही बापा, मग इतके महागाचे सलाईन काऊन लावून राहिले?" ताईंचं म्हणणं असं की इन्फ्लमेशनला सूज म्हणायचं की दाह, डिमायलिनेशनला मराठीत काय, आणि डॉक्टर जे रिपेअर रिपेअर म्हणतात त्याला दुरुस्ती म्हटलं तर चालेल का.

मी इथे नागपुरात पेशंटसाठीच्या माहितीपत्रकांचं मराठी करते, बरीच वर्षं झाली, आणि हाच शब्द मला सगळ्यात जास्त वेळा अडवतो, म्हणून जरा लांबण लागेल.

सासूबाईंचं चुकलेलं नाही. मराठीत सूज म्हणजे डोळ्याला दिसणारी, बोटानं दाबता येणारी गोष्ट. पाय सुजतो, गाल सुजतो. इन्फ्लमेशन हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याच्या पोटात आग पेटवणं आहे, सुजणं नाही. रोमन लेखक सेल्ससनं पहिल्या शतकात त्याची चार लक्षणं लिहून ठेवली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना. म्हणजे सूज हे चारातलं एक लक्षण, आणि आपण त्या एका लक्षणाचं नाव सगळ्या प्रकाराला देऊन मोकळे झालो. मराठी विश्वकोशात बऱ्याच ठिकाणी "दाहयुक्त सूज" अशी जोडी दिसते, तिथे लिहिणाऱ्यांना हीच अडचण आली असणार असं मला वाटतं. आयुर्वेदातला शोथ हाही मुळात सुजण्याचाच शब्द.

गळ्याच्या किंवा हिरड्यांच्या बाबतीत या गोंधळानं फारसं बिघडत नाही. मेंदूत मात्र बिघडतं, कारण तिथे सूज आणि दाह या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्याला मार लागला, मोठा पॅरालिसिसचा झटका आला तर मेंदूत पाणी साठून तो फुगतो, त्याला डॉक्टर एडिमा म्हणतात, ती खरी सूज. कवटी बंद डब्यासारखी, फुगायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि मग मॅनिटॉलचं सलाईन लावून पाणी खेचून काढतात. उलट ताईंच्या जावेच्या नसेत जे चाललंय त्यात शरीराच्याच संरक्षक पेशी नसेच्या आवरणावर उलटल्या आहेत. हा दाह. नसेचा दाह झालेला भाग डोळ्याच्या मागे असेल तर डॉक्टर डोळ्याच्या आत बघतो तेव्हा त्यालाही सूज दिसत नाही आणि सासूबाईंनाही दिसत नाही, त्रास मात्र पेशंटला कळतो.

मेंदूज्वर या शब्दाचंही तेच झालंय. मेंदूच्या आवरणाला दाह झाला तरी मेंदूज्वर आणि खुद्द मेंदूला झाला तरी मेंदूज्वर. आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर चांदीपुरा व्हायरस. 1965 साली नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात तो सापडला म्हणून त्याला जगभर आपल्या या गावाचं नाव, वाळूमाशी चावून पसरतो आणि लहान पोरांच्या मेंदूला धरतो. पेपरात मेंदूज्वर एवढंच छापून येतं. ज्वर गेला म्हणजे आजार गेला असं घरच्यांना वाटतं आणि पोरगं ताप उतरूनही शुद्धीवर का येत नाही हे त्यांना समजत नाही.

शब्द निवडताना मी आता नामाकडे कमी आणि त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदाकडे जास्त बघते. सूज कशी जाते? उतरते, ओसरते. एकदा सूज उतरली की मराठी कानाला गोष्ट संपली, पाय पूर्वीसारखा झाला. दाह कसा जातो? शमतो. आणि आग शमली तरी जे भाजलं ते भाजलेलंच राहतं, ते नंतर भरून यायचं असतं, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. मज्जासंस्थेच्या आजारात नेमकं हेच सांगायचं असतं. जावेला स्टेरॉईडचं सलाईन 3 ते 5 दिवस लावतात, त्यानं दाह लवकर शमतो, पण नजर परत यायला पुढे कित्येक आठवडे लागतात. "सूज उतरली" असं सांगून घरी पाठवलं तर चौथ्या दिवशी घरचे विचारणार, सूज उतरली तर दिसत का नाही? "दाह शमलाय, आता नस भरून यायची आहे" म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही.

पण दाह शब्दाचेही दोन धोके आहेत. एका दवाखान्यात मी केलेला फॉर्म एका काटोलकडच्या बाईंना वाचून दाखवत होते, त्यात "मेंदूचा दाह" होतं. त्या ऐकता ऐकता खाली बसल्या. त्यांच्या कानात दाह म्हणजे दहनघाट. त्यांच्या नवऱ्याला आत नेलं होतं आणि मी कागदावरून दाह वाचत होते. तेव्हापासून मी दाह एकटा कधीच लिहीत नाही, "आतून दाह झालाय, औषधानं तो शमवता येतो" असं क्रियापदासकटच लिहिते.

दुसरा धोका म्हणजे उष्णता. दाह ऐकला की आपल्याकडे लगेच सब्जा, गुलकंद, कैरीचं पन्हं सुरू होतं. आणि इथे खरंच एक गुंता आहे, कारण ज्यांच्या नसेचं आवरण एकदा झिजलंय त्यांना अंग तापलं की पुन्हा अंधुक दिसू शकतं. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं 1890 साली श्रमानंतर असं अंधुक दिसतं हे लिहून ठेवलं. आवरण गेलेल्या नसेतून संदेश जेमतेम जात असतो, थोडं तापमान वाढलं की तोही अडतो. आता आपला मे महिना, पारा 45 च्या वर, जाऊबाई दुपारी बाजारातून आल्या आणि नजर धूसर झाली तर घरात बोंब की दाह परत आला. बहुतेक वेळा तो नवा दाह नसतो, कूलरसमोर बसून अंग निवलं की नजर परत येते. (दिवसभर तसंच राहिलं, किंवा ऊन नसताना झालं, तर मात्र लगेच डॉक्टर.) म्हणून उन्हानं झालेल्याला "तापल्यानं अंधारी" म्हणा आणि दाह हा शब्द खऱ्या झटक्यासाठी राखून ठेवा.

बोलीत आपल्याकडे इन्फ्लमेशनसाठी किती सुरेख क्रियापद आहे बघा, येणं. डोळे आले, तोंड आलं. त्यात सूजही नाही आणि आगही नाही, तरी सगळ्यांना कळतं. नसेला ते चालत नाही हे दुर्दैव, नस आली म्हटलं तर कोणी पेटका आला समजेल. तसंही नस हा शब्दच आपल्याकडे तीन कामं करतो. संक्रांतीत मांजानं मनगट कापलं की लोक म्हणतात नस कापली, आणि ती रक्ताची असते, संवेदनेची असते किंवा बोटं हलवणारा स्नायूबंधही असतो. त्यातली संवेदनेची असेल आणि नीट शिवली तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पाच-सहा महिने. हातापायातल्या नसा अशा वाढू शकतात. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे तुटलेले तंतू असे वाढत नाहीत, आणि डोळ्याची नस ही मेंदूचाच भाग. तंतू शाबूत असेल तर त्यावरचं आवरण मात्र पुन्हा चढू शकतं.

आता डिमायलिनेशन. मायलिन म्हणजे तंतूभोवतीचं चरबीचं आवरण, त्याच्यामुळे जाड तंतूतून संदेश सेकंदाला 100 मीटरच्या आसपास धावतो. ते गेलं की डिमायलिनेशन, मी "आवरण झिजणं" लिहिते आणि पुन्हा चढलं तर "आवरण भरून येणं". पुनर्मायलिनीकरण असलं काही लिहू नका, वाचणाऱ्याच्या दातात अडकतं. तोंडी समजावताना मी कल्हईचं उदाहरण देते. लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकून आतली घाण घासून काढायचा आणि मग कथील फिरवायचा. भांडं न घासता कथील लावलं तर धरत नाही. मेंदूतही तसंच, तुटलेल्या मायलिनचा कचरा आधी उचलला गेला पाहिजे, तो पडून राहिला तर नवं आवरण चढायला अडथळा होतो, आणि तो उचलणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी त्याच दाहाच्या कामातल्या आहेत. म्हणजे दाह नुसता शत्रू नाही, भरून येण्याची सुरुवातही त्याच्यातूनच होते. आणि नवं आवरण पहिल्यापेक्षा पातळ असतं, कल्हईसारखंच.

म्हणून दुरुस्ती मला नको वाटतं. दुरुस्ती पंख्याची होते, बाहेरचा माणूस येऊन करतो. जखम भरते, झीज भरून येते, ती आतून आणि आपल्या वेळेनं. जिथे भरत नाही तिथे कडक वण राहतो, शार्को या फ्रेंच डॉक्टरनं 1868 मध्ये ज्याला स्क्लेरोसिस म्हटलं तो हाच कडकपणा, हाताला कुऱ्हाडीचा घट्टा पडतो तसा. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार म्हणजे मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी घट्टे, असं मी एका शेतकरी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचा तळहात उघडून बघितला आणि मान हलवली. ताई, तुमच्या जावेला तो आजार आहेच असं या एका झटक्यावरून ठरत नाही, ते डॉक्टर एमआरआय आणि पाठीतलं पाणी बघून सांगतील.

सासूबाईंना असं सांगा, "आई, सूज बाहेर नाही, डोळ्याच्या मागच्या नसेला आतून दाह झालाय, सलाईननं तो शमून राहिला, मग नस हळूहळू भरून येईल, दोन-चार आठवडे तिला चुलीपाशी नका बसवू."