नव्यानं बेसबॉलची पंचगिरी करणाऱ्याला

भावा, गांधी मैदानावरचं क्रिकेट आधी डोक्यातून बाजूला ठेव. तिथं अपील झाल्याशिवाय पंच आऊट देत नाही. इथं बॅटरनं सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर तुलाच बोलायचंय, बॉल (चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर) का स्ट्राइक (पट्ट्यात). होम प्लेट, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पाटी, १७ इंच रुंद. चेंडूचा नुसता काठ त्यावरून गेला आणि उंची बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखालपासून खांदा-कंबरेच्या मध्यापर्यंत असली, तरी स्ट्राइकच. कॅचर, म्हणजे बॅटरमागं चेंडू झेलणारा, स्ट्राइक वाटावा म्हणून ग्लोव्ह हळूच आत ओढतोय (ओढणारच!), तिकडं बघू नकोस.

रनर (धावणारा) बेसला, म्हणजे वाटेत शिवायच्या ठिकाणाला, पाय न लावता पळाला, तर मात्र गप्प बसायचं. समोरच्यांनी अपील केलं तरच आऊट. आणि प्रशिक्षक तावातावानं आला, तर नियमाचं ऐकून घे. बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला लागला तर आधी बजाव, मग सरळ बाहेर काढ.