पायथनचं ताट वेगळं

प्रश्न: लासलगावच्या कांदा लिलावाच्या पावत्यांवरून गावं ओळखायला स्पार्कमध्ये (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारी प्रणाली) पायथनचं फंक्शन लिहिलंय. एक्झिक्युटरला, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेसला, ८ जीबी मेमरी दिली, मग १२. तरी यार्न (मशीनांची मेमरी वाटून देणारा) मर्यादा ओलांडली म्हणून कंटेनर, म्हणजे एक्झिक्युटरला दिलेली जागा, बंद पाडतोच. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: अहो, स्पार्कचा एक्झिक्युटर चालतो जाव्हावर. तुम्ही मेमरी वाढलीत जाव्हाच्या ताटात, आणि तुमचं फंक्शन जेवतंय बाहेर, वेगळ्या पायथन प्रोसेसमध्ये. तिचा खर्च ‘मेमरी ओव्हरहेड’मधून, म्हणजे जाव्हाबाहेरच्या कामासाठी वेगळ्या राखलेल्या मेमरीतून जातो. तो ठरवला नाही तर एक्झिक्युटर मेमरीच्या १० टक्के (किमान ३८४ एमबी), म्हणजे ८ जीबीवर जेमतेम ८१९ एमबी. चार कोअर असतील तर एका वेळी चार पायथन प्रोसेस, आणि गावांची अख्खी यादी प्रत्येकीत वेगळी! द्राक्षांच्या हंगामात मीही यात दोन रात्री घालवल्या. यादी ब्रॉडकास्ट करून, म्हणजे प्रत्येक एक्झिक्युटरला एकदाच पाठवून पाहिली. पायथनकडे ती तरीही प्रोसेसगणिक उघडतेच.

एक्झिक्युटर परत ८ वर आणा, ओव्हरहेड २-३ जीबी करा, कोअर कमी करा. पांडाज फंक्शन (ओळी गठ्ठ्याने घेणारं) असेल तर एका खेपेला मुळात १०,००० ओळी येतात, त्या २,००० करून बघा. पण खरं विचाराल तर गावांची यादी टेबल म्हणून जोडा आणि फंक्शन काढूनच टाका. स्पेलिंगच्या चुकांसाठी स्पार्कमध्ये लेव्हेनश्टाइन, म्हणजे दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजणारं फंक्शन, तयार आहे.