आमच्या वाचनालयातली जुनी, तुटणारी पुस्तकं स्कॅन करायला पैसे कोण देतं?

तुम्ही लिहिलंय की शंभरी ओलांडलेली तीनशेक पुस्तकं आहेत, मोडी लिपीतल्या जुन्या कागदांची थोडी दप्तरं आहेत आणि पानं हातात तुटतात. मी कोल्हापुरात एका पेठेतल्या छोट्या वाचनालयाचं काम बघायचो. आधी आम्ही काय माती खाल्ली ते सांगतो.

एका देणगीदारानं स्कॅनर दिला. हार, नारळ, मशीनवर नावाची पाटी. जुन्या मासिकाचा बांधीव खंड काचेवर उपडा घालून दाबला, तर शिवण कटकन गेली. उचलला तर काचेवर पिवळा चुरा, पापडाचा पडतो तसा. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, तो वाकवला की मोडतोच. असलं पुस्तक पाळण्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या व्ही आकाराच्या बैठकीत, अर्धवट उघडं ठेवून वरून कॅमेऱ्यानं टिपायचं असतं, हे नंतर कळलं.

म्हणून सांगतो, मशीनसाठी पैसे मागू नका, पानांसाठी मागा. मशीनला पाटी लावता येते, त्यामुळं ते पैसे लगेच मिळतात. धूळ झाडणं, जपानी टिश्यूनं, म्हणजे पातळ पण चिवट कागदानं, पान सांधणं, सूची करणं याला कोणी देत नाही, आणि खरा वेळ तिथंच जातो. तीनशे पुस्तकं, प्रत्येकी दोनशे पानं धरली तर 60,000 पानं. लहान आकाराचं पान 400 डीपीआयनं (इंचाला 400 ठिपके) टिफमध्ये, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये घेतलं तर सगळं मिळून दीड टीबीच्या (दीड हजार जीबीच्या) घरात. त्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची हार्डडिस्क पुस्तकांच्याच कपाटात होती, आणि 2019 च्या महापुरात दोन्ही एकदमच पाण्यात गेली.

आता पैसे कुठून. सरकारी परिरक्षण अनुदान पगार आणि रोजच्या खर्चातच संपतं, ते धरू नका. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी भेटा. केंद्राचं 2025 चं ज्ञानभारतम् अभियान हस्तलिखितांसाठी आहे. पोथी बसेल, पण छापील पुस्तक बसत नाही आणि महसुलाचे मोडी कागदही बहुधा नाहीत. त्या दप्तरांसाठी पुराभिलेखागाराशी, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणाऱ्या खात्याशी बोला.

सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्यानं समाजकामावर खर्चावा लागणाऱ्या पैशाचा रस्ता खरा आहे. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात वारसा जतन आणि सार्वजनिक ग्रंथालयं दोन्ही येतात. पण तुमच्या ट्रस्टकडं आयकर खात्याच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं. आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला प्रत्येक फाउंड्रीवाला यात बसत नाही. नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, यातलं एक तरी हवं. लेखक जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर कॉपीराइट चालू असतो, ते पुस्तक नेटवर टाकू नका, नाहीतर कंपनीचा वकील तिथंच अडवेल.

आम्हाला सगळ्यात जास्त पैसे मात्र भलतीकडूनच आले. जुन्या पुस्तकांत मागं आश्रयदात्यांची यादी छापलेली असते: नाव, गाव, किती प्रती घेतल्या. एक पोरगी सूची करताना ती नावं वहीत उतरवत होती, त्यातली तीन घराणी अजून गावातच निघाली. आम्ही पुस्तक घेऊन एकाच्या दारात गेलो. त्यांनी चष्मा पुसून पणजोबांचं नाव दोनदा वाचलं, आणि विचारलं, ‘याला किती येईल?’