शंका-समाधान : दुसऱ्या दिवशी अडणारे ‘अ‍ॅडप्रेफ’

प्रश्न : पर्जन्यमापकाच्या नोंदींचे आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम मी मॅटलॅब या गणिती कामाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे. फोल्डर आणि आलेखाचा रंग एकदा निवडला की तो लक्षात राहावा, म्हणून सुरुवातीलाच निवड साठवणारे फंक्शन ‘अ‍ॅडप्रेफ’ वापरले. पहिल्या दिवशी सारे सुरळीत चालले. दुसऱ्या दिवसापासून त्याच ओळीवर एरर येते. असे का?

उत्तर : ‘अ‍ॅडप्रेफ’ फक्त नवी नोंद करते आणि त्याच नावाची नोंद आधीपासून असेल तर एरर देऊन थांबते. तुमची पहिल्या दिवसाची नोंद मॅटलॅब बंद केल्यावरही ‘मॅटलॅबप्रेफ्स’ नावाच्या मॅट फाइलमध्ये (मॅटलॅबच्या डेटा फाइलमध्ये) शिल्लक राहिली, म्हणजे हवे होते तेच घडले आणि त्यानेच प्रोग्रॅम अडला. त्याऐवजी सुरुवातीला नोंद वाचणाऱ्या ‘गेटप्रेफ’ला नोंदींचा गट, नोंदीचे नाव आणि मूळ किंमत (नोंद नसताना वापरायची) अशा तीन गोष्टी द्याव्यात आणि वापरणाऱ्याने निवड बदलली की ‘सेटप्रेफ’ने ती नोंदवावी, ‘सेटप्रेफ’ नोंद नसल्यास तयार करते, असल्यास बदलते.

मात्र येथे एक खाच आहे, जी अनुभवी लोकांच्याही ध्यानात उशिरा येते. नोंद नसेल तेव्हा ‘गेटप्रेफ’ मूळ किंमत नुसती परत देत नाही, तर ती साठवूनही टाकते. त्यामुळे पुढे तुम्ही प्रोग्रॅममधला मूळ रंग निळ्याचा हिरवा केलात, तरी ज्यांनी तो एकदा चालवला आहे त्यांना निळाच दिसत राहील आणि दोष तुमच्या नव्या ओळीत शोधला जाईल. सगळ्या निवडी एकाच स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे नाव दिलेले अनेक कप्पे (फील्ड) असलेल्या एका नोंदीत, साठवण्याचा मोह होतो. तेव्हा तर पुढे एखादी निवड वाढवली की जुन्या नोंदीत तिचे नवे फील्ड नसतेच. म्हणून वाचलेल्या स्ट्रक्चरमध्ये जे फील्ड नाही ते मूळ किमतीने भरून घ्यावे आणि मगच पुढे जावे. मूळ किंमत साठवायचीच नसेल, तर आधी ‘इजप्रेफ’ने नोंद आहे का ते पाहावे.

ही फाइल कोठे आहे ते ‘प्रेफडिर’ सांगते. ते फोल्डर प्रत्येक आवृत्तीचे वेगळे असल्याने, दोन आवृत्त्या आलटूनपालटून वापरणाऱ्यास एकीत केलेला बदल दुसरीत दिसणार नाही. गटाचे नाव प्रोग्रॅमवरूनच ठेवावे, ‘सेटिंग’सारखे मोघम नको. आणि नोंद पुसणाऱ्या ‘आरएमप्रेफ’ला नुसते गटाचे नाव दिले तर अख्खा गट पुसला जातो.