एक जुनी एक नवी, जोडी जमेल का?

प्रश्न : मंगळवार पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाईनं. पीसी दहाव्या जनरेशनचा आय-थ्री, मदरबोर्ड एच-४१०, रॅम ८ जीबी डीडीआर-फोर, २६६६ स्पीडची एकच पट्टी. कोरल आणि फोटोशॉप दोन्ही उघडली की मशीन गारठतंय, गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि माऊस हलत नाही. आणखी ८ टाकायची म्हटलं तर त्या कंपनीची तीच रॅम कुठं मिळेना, ३२००ची दुसऱ्या कंपनीची मिळतीय. एक दुकानदार म्हणतो मिक्स केली की बोर्ड जळतो, जुनी मला द्या आणि दोन नव्या घ्या. खरं काय?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बोर्ड बिर्ड काय जळत नाही हो. दोन्ही डीडीआर-फोर, म्हणजे रॅमच्या एकाच पिढीतल्या आहेत, दोन्ही मुळात १.२ व्होल्टवर चालतात, मग जळायचं काय कारण? जुनी रॅम अजिबात देऊ नका, ३२००वाली बिनधास्त घ्या.

आता होतं काय ते सांगतो. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असती, त्यात त्या रॅमचा स्पीड, टायमिंग वगैरे लिहून ठेवलेलं असतं, पीसी चालू झाला की बोर्ड दोन्हीकडचं ते वाचतो आणि दोघींना झेपेल असा स्पीड धरतो. म्हणजे बैलजोडीत एक बैल सावकाश चालणारा असला की गाडी त्याच्याच चालीनं जाणार, तसं तुमची ३२००ची नवी रॅम २६६६वर चालणार. पण यात तुमचं नुकसान शून्य, कारण तुमचा आय-थ्री प्रोसेसरच मुळात २६६६च्या वर जात नाही, दोन्ही ३२००च्या घातल्या असत्या तरी तेवढाच स्पीड मिळाला असता. दुकानदारानं हे सांगितलं नाही का? असो.

उलट फायदाच आहे. एकट्या रॅमवर तुमचं मशीन सिंगल चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच रस्त्यावर चालतंय, सेकंदाला २१ जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो, दुसरी ८ टाकली की ड्युअल चॅनेल होतं आणि तो रस्ता दुप्पट रुंद. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर हा फरक जास्तच जाणवतो कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक याच रॅमवर जगतंय. तुमच्या बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतील तर कुठल्यात घालू हा प्रश्नच नाही. चार स्लॉटवाल्यांनी मात्र प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा धरायचा, बहुतेक बोर्डांना हेच चालतं, तरी बोर्डाचं पुस्तक एकदा बघा.

८च्या जोडीला १६ घातली तरी चालतंय. मग ८ आणि ८ असं १६ जीबी ड्युअलमध्ये आणि उरलेली ८ सिंगलमध्ये, याला इंटेलवाले फ्लेक्स मोड म्हणतात (आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशी याचा काय संबंध नाही). दहा बाय वीसचे फ्लेक्स डिझाईन करत असाल आणि बजेट असेल तर मी १६च घेईन.

भानगड होतच नाही असं मी म्हणणार नाही. कधी कधी दोन रॅमचं आपसात पटत नाही, आणि गंमत म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्येसुद्धा आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात, त्यामुळं "कंपनी सेम पाहिजे" हा मंत्र काय पूर्ण खरा नाही. म्हणून घेतानाच विचारून ठेवा, नाही चालली तर बदलून मिळेल का, आणि बॉक्स टाकू नका. बसवताना मेन स्विच बंद, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, खाच जुळवायची आणि टक्क आवाज येईपर्यंत दाबायचं. डिस्प्ले आला नाही तर दहातल्या आठ वेळा रॅम अर्धवट बसलेली असती असा माझा अनुभव. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरचा पीसी नुसता बीप बीप करत बसला, मी बोर्ड गेला म्हणून डोक्याला हात लावलेला, शेवटी पोराचं खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी पिना हलक्या हातानं पुसल्या आणि झाला की चालू! आपल्याकडच्या ओलीत जुन्या रॅमला हे एकदा करूनच परत लावा.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडून १६ जीबी आणि २६६६ दिसतंय का बघा. आणि रात्री दुकान बंद करताना पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावून जावा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी "चालतंय की" म्हणून सोडून देऊ नका, पत्रिकेची फाईल सेव्ह करताना खराब झाली तर नवरदेवाकडचे तुम्हाला सोडणार नाहीत. एरर आली तर एकेक रॅम एकटी लावून तपासा. नवी एकटीच एरर देत असेल, किंवा दोन्ही एकट्या ठणठणीत आणि जोडीनं बिघडत असतील तर मगच नवी बदलून आणा.

प्रश्न : घरातल्या जुन्या पीसीची ४ जीबी डीडीआर-थ्री पडून आहे, नव्या डीडीआर-फोर बोर्डात जोडीला लावू का?
- कॉलेजचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : नाही भावा, बसणारच नाही. तिला २४० पिना, डीडीआर-फोरला २८८, खाच वेगळ्या जागी, व्होल्टेज १.५. डीडीआर-फाईव्हला पिना २८८च आहेत तरी खाच सरकवलेली आहे, म्हणजे तीपण नाही. आणि जोर लावून बघू नकोस, स्लॉट चिरला की बोर्डच जाईल. ती जुनी ४ जीबी कुणाच्या डीडीआर-थ्रीवाल्या पीसीला देऊन टाक, दुवा देईल.